तितिनाचा राजवाडा

राजवाडा आतून दाखवीन असं नेल्लोनं तितिनाला कबूल केलं तेव्हा त्यांचं लग्नसुद्धा झालं नव्हतं. मोठ्या चौकात, घोड्याच्या पुतळ्याखाली, दोघं मिळून एक आइस्क्रीम खात बसली होती. समोर राजवाड्याच्या खिडक्यांवर ऊन आलं होतं. तितिना म्हणाली, "आत काय असेल रे?" नेल्लो म्हणाला, "त्यात काय, मी नेतो की तुला." हे मला त्यानंच सांगितलं, आणि एकदा नाही, इतक्या वेळा की मीही त्या पुतळ्याखाली बसले होते असं वाटावं. आमची दारं समोरासमोर आहेत. नेपल्समधल्या मातेरदेई वस्तीतल्या आमच्या जिन्यात कुणाचं काही कुणापासून लपून राहत नाही.

लग्न झालं, नेल्लो बसवर ड्रायव्हर लागला. त्याची बस रोज राजवाड्याच्या कडेनं जायची. संध्याकाळी दार उघडल्या उघडल्या तो ओरडायचा, "तितिना, तुझ्या राजवाड्यावरून आलो. राजा विचारत होता, कधी येताय म्हणून."

"सांग त्याला, इस्त्री आटोपली की येते," आतून तितिनाचं उत्तर.

जाणं काही झालं नाही. कधी नेल्लोच्या कामाच्या पाळ्या, कधी मुलीच्या जन्मानंतरचं तितिनाचं दुखणं, कधी संप. शिवाय दोन खोल्यांत नेल्लोची आई, विंचेन्झा, मरेपर्यंत त्यांच्याजवळच होती. पायांनी अधू, पण आवाज खणखणीत. दिवसभर "तितिना" म्हणून ती जी हाक मारायची, ती माझ्या भांड्यांच्या फळीपर्यंत यायची. आणि नेल्लोचं एकच म्हणणं असायचं, "राजवाडा काय पळून जातोय? चारशे वर्षं तिथंच उभा आहे."

तो निवृत्त झाला आणि थोड्याच दिवसांत तितिनाला विसर पडायला लागला. आधी शब्द गेले. मग वार गेले. बाजारातून येताना ती एक गल्ली आधीच वळायची आणि दुसऱ्याच कुणाच्या दारात किल्ली घालत उभी राहायची. डॉक्टरांनी जे नाव सांगितलं ते नेल्लोनं घरात कधी उच्चारलं नाही. पण एक दिवस त्यानं त्यांच्या मुलीला, मेनाला, फोन करून सांगितलं की मंगळवारी तो आईला राजवाडा बघायला नेणार आहे.

मेना औषधांच्या दुकानात काम करते. दुपारच्या सुट्टीत ती धावतच आली.

"बाबा, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? गर्दीत घाबरते ती."

"फेब्रुवारीतल्या मंगळवारी कसली आलीय गर्दी? भुतंसुद्धा घरी झोपून असतील."

"मे महिन्यात जाऊ ना. मी पण येते."

"आणि मेपर्यंत मी कोण हे तिला आठवेल?"

मेनानं पर्स उचलली. जाताना माझ्याकडे डोकावून म्हणाली, "रोझामावशी, तिला गरम कपडे घालायला लाव."

मंगळवारी दुपारी तितिनाचे केस मी विंचरून दिले. तिनं हिरवा कोट घातला, आरशात न बघता ओठ रंगवले आणि ते नीट जमले. नेल्लोनं मेनाच्या लग्नातला सूट काढला होता. पोटावरचं बटण लागत नव्हतं, म्हणून त्यानं जाकीट उघडंच ठेवलं.

"मयताला चाललायस की काय?" मी म्हटलं.

"राजाकडे चाललोय. तुझ्यासाठी काही निरोप आहे का?"

"माझ्या छपरातून पाणी गळतं म्हणावं."

ती दोघं चौकात पोचली तेव्हा एक परदेशी मुलगा, तिथल्या जुन्या खेळाप्रमाणे, डोळ्यांवर मफलर बांधून घोड्यांच्या दोन पुतळ्यांमधून सरळ जायचा प्रयत्न करत होता आणि हळूहळू भलतीकडेच चालला होता. तितिना थांबून बघत राहिली. "गेला," ती म्हणाली, "सगळेच जातात." आणि हसली. नेल्लोला बरं वाटलं. दिवस चांगला जाणार असं त्याला वाटलं.

आत शिरल्यावर मोठा संगमरवरी जिना लागतो. नेल्लो खालीच मान वर करून उभा राहिला, आणि इतकी वर्षं बाहेरून हॉर्न वाजवत गेलो त्याची त्याला थोडी लाजच वाटली. तितिना मात्र कठड्याला हात लावून शांतपणे चढायलाही लागली होती. वर दरबारी नाटकगृह आहे. भिंतीच्या कोनाड्यांतून देवदेवतांचे पुतळे उभे. नेल्लो पाटीसमोर उभा राहून मोठ्यानं वाचायला लागला, तेवढ्यात तितिना म्हणाली, "कागदाचे आहेत ते. लगद्याचे."

"मला वाटलं, तिनं पाटी वाचली," नेल्लो मला नंतर म्हणाला. "पण तिचा चष्मा तर माझ्या खिशात होता."

सिंहासनाच्या दालनात तो जरा हिरमुसला. खुर्ची त्याच्या कल्पनेपेक्षा लहान निघाली.

"एवढ्याशा खुर्चीसाठी एवढ्या मारामाऱ्या?"

"बसायलाही धड नसणार," तितिना म्हणाली. "पाठ सरळ ठेवायला लागत असेल. चल, पुढे बरं आहे."

पुढे बरं आहे हे हिला कसं ठाऊक, असं त्याच्या मनात येतंय न येतंय तोच शाळेची एक सहल दालनात घुसली. पोरं, पाठीवरच्या पिशव्या, हात वर करून ओरडणाऱ्या दोन बाई. नेल्लो भिंतीला टेकून उभा राहिला. बसमध्ये त्यानं अशी गर्दी आयुष्यभर सोसली होती, त्यामुळे ती निघून जाईपर्यंत त्यानं वाट पाहिली. पोरं गेली तेव्हा दालनात तो होता, सिंहासन होतं, आणि तितिना नव्हती.

तो मागे गेला, नाटकगृहात पाहिलं, जिन्यावर पाहिलं. परत आला. "तितिना" म्हणून हाक मारली तर आवाज छतावरून फिरून त्याच्याकडेच आला. आणि त्या हाकेत त्याला स्वतःच्या आईचा आवाज ऐकू आला, हे त्यानं मला सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता.

एका दारापाशी लोरेदाना नावाची राखणदार बाई होती. ती म्हणाली, "हिरव्या कोटातल्या ना? सरळ पुढे गेल्या. मी विचारलं, कुठे जायचंय, तर म्हणाल्या, मला वाट माहीत आहे."

दालनामागून दालनं ओलांडत नेल्लो जवळजवळ पळतच गेला. शेवटी समुद्राकडच्या बाजूला एक लहान खोली लागली. तिथं खिडकीशी राखणदाराची लाकडी खुर्ची होती आणि तीवर तितिना बसली होती. पर्स मांडीवर, हात पर्सवर. बाहेर बंदरातल्या बोटी दिसत होत्या आणि पलीकडे व्हेसूव्हिओ ज्वालामुखीच्या माथ्यावर जरासं बर्फ.

"अगं, जीव गेला असता माझा," नेल्लो म्हणाला. "सांगून जायचं नाही?"

तितिनानं वळून पाहिलं. नजर भ्यायलेली नव्हती. कुणी बसमध्ये चुकून धक्का दिल्यावर आपण बघतो, तशी होती.

"तुम्ही मला ओळखता का?" ती म्हणाली.

तुम्ही. लग्नाआधीच्या पहिल्या भेटीतसुद्धा तिनं त्याला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. तोवर ती शब्द विसरली होती, वार, गल्ल्या, जावयाचं नाव, पण नेल्लोला कधी विसरली नव्हती. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की असं होईल आणि झालं की वाद घालू नका. नेल्लो तर जन्मभर वाद घालत आला होता, प्रवाशांशी, पोलिसांशी, टीव्हीवर बोलणाऱ्या मंत्र्यांशी. बोटातली अंगठी दाखवावी, पाकिटातला फोटो काढावा, हे सगळं त्याच्या हातापर्यंत आलं. पण ती इतकी स्वस्थ बसली होती की त्याला ते मोडवेना.

"नाही," तो म्हणाला. "माफ करा. माझ्या बायकोसारख्या दिसलात."

"काय नाव तिचं?"

"तितिना."

"माझंही तेच. नेपल्समध्ये तितिनांना काय तोटा."

"मी इथं जरा उभा राहिलो तर चालेल?"

"राहा की. राजे गेले. आता सगळ्यांचंच आहे."

तो खिडकीच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला. शेवटी परक्या बाईला विचारावं तसं त्यानं विचारलं, "कुणाची वाट बघताय?"

"नवऱ्याची. बसवर ड्रायव्हर आहे. पाळी संपली की येईल."

"उशीर करतो का?"

"बस वेळेवर नेतो. स्वतः उशिरा येतो. बाहेर आला की कुणी ना कुणी भेटतं, आणि याचं तोंड सुरू."

नेल्लोनं मान हलवली. नाकारण्यासारखं काही नव्हतं.

"आणि तुम्ही राजवाडा पहिल्यांदाच बघताय?" त्यानं विचारलं.

तितिना हसली. तोंडावर हात धरून, चोरी पकडली गेल्यासारखी. "मी? मी नेहमी येते. मुलगी शाळेत गेली की. दर आठवड्याला नाही जमत, पण येते. सासूला सांगते, दाताच्या डॉक्टरकडे चाललेय. तिला वाटत असेल, आता हिच्या तोंडात एक दात शिल्लक नसणार."

नेल्लोला ते दात आठवले. आई जेवताना कुरकुरायची की तुझ्या बायकोचे दात म्हणजे एक न संपणारं काम आहे. तेव्हा तो म्हणाला होता, चांगल्या डॉक्टरकडे जा बाई एकदा. एवढं म्हणून त्यानं पुन्हा पास्ता वाढून घेतला होता.

"आणि इथं येऊन काय करता?"

"बसते. पूर्वी इथं एक मिशावाला राखणदार होता, तो मला आपली खुर्ची द्यायचा. काही विचारायचा नाही. बाकीच्या दालनांतलं सोनंबिनं मी पहिल्या वेळीच बघून घेतलं, नंतर नुसतीच इथं येऊन बसायला लागले." ती बाहेर बघत राहिली. "एवढं मोठं घर, आणि इथं मला कुणी हाक मारत नाही."

एक बोट बंदरातून निघाली होती. ती वळेपर्यंत दोघं बघत होती.

"नवऱ्याला माहीत आहे?" नेल्लोनं विचारलं.

"वेडे आहात का? आणि तुम्हीही कुठं बोलू नका. त्यानं मला इथं आणायचं कबूल केलंय. रोज घरी आला की तेच सांगतो, राजा असं म्हणाला, राजा तसं म्हणाला. सांगताना त्याचं तोंड बघायला हवं तुम्ही. मी आधीच बघून आले असं म्हटलं, तर बिचाऱ्यानं मला द्यायचं काय?"

नेल्लोनं खिडकीच्या चौकटीला धरलं. तो म्हणतो की त्या क्षणी आधी त्याला राग आला. इतकी वर्षं ही आपल्याला खेळवत होती असं वाटलं. मग तो राग कुठं ठेवावा हेच त्याला कळेना, कारण ज्या बाईवर रागवायचं ती समोर नव्हती आणि जी समोर होती ती त्याला ओळखत नव्हती. आणि तेवढ्यात राग गेलाही.

"नवरा कसा आहे?" त्यानं विचारलं. "म्हणजे, वागायला."

"चांगला आहे. हात उगारत नाही, पीत नाही. दाढी करताना गातो, बेसूर." तिनं पर्सची कडी उघडली, बंद केली. "फक्त ऐकत नाही. त्याच्या आईची हाक त्याला ऐकूच येत नाही, लहानपणापासूनची सवय. मी एकदा म्हटलं, मला थोडा वेळ एकटीला हवाय. तर म्हणाला, एकटी कशाला, मी आहे ना, माझ्याशी बोल. आणि मग तोच बोलत बसला."

"मग त्यानं काय करायला हवं होतं?"

तिनं विचार केला. इतका वेळ की त्याला वाटलं, प्रश्नच विसरली.

"विचारायला हवं होतं, तितिना, तुला काय हवंय. आणि मी सांगेपर्यंत थांबायला हवं होतं."

"त्यानं हे ऐकलं तर त्याला वाईट वाटेल."

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय. तुम्ही परके."

नेल्लोकडे बोलण्यासारखं खूप होतं. आईला दुसरीकडे कुठं ठेवणार होतो, पगार किती होता, थकून यायचो, हे सगळं त्याच्या जिभेवर होतं. तो गप्प उभा राहिला आणि तीही गप्प बसली. त्या खोलीत ती दोघं किती वेळ होती हे त्याला सांगता येत नाही. पण लग्नानंतर आपण इतका वेळ न बोलता कधी राहिलो नव्हतो, असं तो म्हणतो.

मग राजवाडा बंद करायची वेळ झाली म्हणून सांगायला लोरेदाना आली. नेल्लो म्हणाला, "चला, मी तुम्हाला सोडतो." तितिना ताठ झाली.

"मी लग्न झालेली बाई आहे."

लोरेदानानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा नेल्लोकडे, त्याच्या न लागणाऱ्या बटणाकडे, आणि तिला समजलं असावं. "सिन्योरा, मी पण खालीच चाललेय," ती म्हणाली आणि तिनं आपला हात पुढे केला. दोघी जिना उतरल्या. नेल्लो थोडं अंतर ठेवून मागून. उतरतानाच त्यानं मेनाला फोन केला.

बाहेर शेजारच्या चौकात बसथांबा आहे. तितिना तिथं जाऊन उभी राहिली. समुद्रावरून वारा सुटला होता. बस आली की ती टाचा उंचावून ड्रायव्हरचं तोंड बघायची, आणि नेल्लो नाही असं दिसलं की पुन्हा टाचा टेकायची. त्या थांब्यावर नेल्लोनं हजारो लोक उतरवले होते, चढवले होते. ड्रायव्हरकडे असं कुणी बघत असेल हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. तो खांबाच्या आड उभा राहिला, कारण त्याला रडू आलं होतं आणि परक्या माणसानं बाईसमोर रडणं बरं दिसलं नसतं.

मेना आली. तितिनानं तिचा हात घट्ट धरला. "अमेलिया, तू कशी इकडे?" अमेलिया म्हणजे तितिनाची थोरली बहीण, ती जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मेनानं बापाकडे पाहिलं. बापानं मान हलवली.

"तुला घ्यायला आले," मेना म्हणाली. "चल घरी, गारठलीयस."

"नेल्लो येईल ना. मी दिसले नाही तर गावभर ओरडत सुटेल."

तेव्हा नेल्लो खांबाआडून पुढे आला. "सिन्योरा, मी त्याच्याच डेपोतला. नेल्लोला चांगला ओळखतो. आज त्याची पाळी लांबलीय. मला म्हणाला, माझ्या तितिनाला घरी पोचव."

तिनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मग इतका वेळ सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही बोलत होतात. मध्येच तोंड घालणं बरं वाटलं नाही."

"बघ, अमेलिया," तितिना म्हणाली, "ड्रायव्हरांतही असे असतात."

घरी येताना बसमध्ये दोघी पुढे बसल्या आणि नेल्लो त्यांच्या मागच्या बाकावर.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. जिन्यात पावलं वाजली म्हणून मी बटाट्याच्या पास्त्याचं भांडं घेऊन त्यांच्याकडे गेले. वरचं चीज अजून वितळत होतं. तितिना टेबल मांडत होती. नेल्लो त्याच्याच घरात, दाराजवळच्या खुर्चीच्या टोकावर, पाहुण्यासारखा बसला होता. मी तोंड उघडणार, काय रे, राजानं जेवायला ठेवून नाही घेतलं, असं काहीतरी, तोच मेनानं माझा दंड दाबला.

"रोझा, बरं झालं आलीस," तितिना म्हणाली. "हे नेल्लोच्या डेपोतले. मला राजवाड्यापासून घरापर्यंत सोडायला आले. जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही यांना."

नेल्लो उठला. त्यानं हात पुढे केला. माझ्या नवऱ्याच्या मयताला ज्यानं खांदा दिला, ज्याला मी किती वर्षं उसनी साखर देते आणि घेते, त्या माणसाशी मी हस्तांदोलन केलं आणि म्हटलं, "भेटून आनंद झाला."

"मलाही, सिन्योरा," तो म्हणाला.

तितिनानं पहिलं ताट त्याला वाढलं, पाहुणा म्हणून काठोकाठ. एक ताट नेल्लोसाठी झाकून ठेवलं. जेवताना ती विचारत होती, "तुमची बायको घरी असेल ना? आज इकडे जेवलात म्हणून रागवेल."

"नाही रागवणार. तिला जरा बरं नाही."

"अरेरे. मग तिला एकटं टाकून फिरता कशाला?"

"आता नाही टाकणार."

"काय हवं नको ते विचारत जा," तितिना म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक डाव घातला. मेना ताटावर वाकून खात होती. तिचे केस पुढे आले होते, त्यामुळे तोंड दिसत नव्हतं.

तितिना झोपी गेल्यावर नेल्लो त्या रात्री बैठकीच्या खोलीत झोपला. सकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला, "नेल्लो, कॉफी वर आलीय, गॅस बंद कर, की तेवढंही मीच करू?" तो अनवाणी धावला. ती नेहमीची होती. काल कुठं गेलो होतो हे तिला आठवत नव्हतं. ओट्यावर झाकलेलं ताट तसंच होतं. तिनं ते उघडून पाहिलं आणि म्हणाली, "काल जेवला नाहीस का?"

"उशीर झाला," नेल्लो म्हणाला.

राजवाड्यातलं त्यानं तिला काहीही सांगितलं नाही. त्याऐवजी दोन दिवसांनी, बराच वेळ घुटमळून, त्यानं विचारलं, "तितिना, तुला काय हवंय आज?"

"ताप आलाय का तुला?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, पावटे आण. त्यानं पावटे आणले. मग एकदा म्हणाली, काही नको. एकदा तिला शब्द सापडला नाही आणि ती चिडली, आणि तो शब्द सुचवायला निघालेला नेल्लो तोंड मिटून बसला, ते तिला आठवेपर्यंत. शब्द होता 'गादी'. गादी उन्हात घालायची होती. त्याला ते फार अवघड जातं. मी दारातून बघते ना, त्याचे ओठ हलत असतात.

असेच आठवडे गेले. काही दिवस ती त्याला 'तू' म्हणते, काही दिवस 'तुम्ही'. 'तुम्ही' ऐकलं की नेल्लो वाद घालत नाही. उठून जाकीट अंगात घालतो, केसांवरून हात फिरवतो आणि म्हणतो, "नमस्कार, सिन्योरा, मी नेल्लोच्या डेपोतला." असे दिवस आता जास्त येतात. मेना म्हणते, पुढं याहून अवघड होईल, मदतीला बाई ठेवायला लागेल. नेल्लो म्हणतो, बघू.

ही सगळी हकिगत त्यानं मला सांगितली ती एप्रिलमध्ये. मी बाजारातून येत होते तर हा जिन्यात, आपल्याच दाराबाहेर पायरीवर बसलेला. दार थोडं उघडं.

"काढलं का बाहेर?" मी विचारलं.

"काढलं."

"काय केलंस?"

"काही नाही. काय हवंय म्हणून विचारलं. म्हणाली, तासभर मला कुणी हाक मारू नका." त्यानं सरकून मला जागा दिली. "गॅस मागच्या चावीनं बंद केलाय. खिडकीची कडी लावलीय. इथं बसलो तर पाऊल ऐकू येतं तिचं."

मी पिशवी खाली ठेवून शेजारी बसले. मग त्यानं पहिल्यापासून सांगितलं, पुतळ्याखालच्या आइस्क्रीमपासून नाही, राजवाड्यातल्या त्या लहान खोलीपासून. आवाज इतका खाली ठेवून की मला कान पुढे करायला लागला. इतक्या हळू बोलता येतं हे मला त्याच्याबाबतीत ठाऊकच नव्हतं. मध्ये तो थांबायचा आणि आत ऐकायचा. खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा, मग शांत.

"आत काय करत असेल?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक. तिचं ती बघेल."

"तुला वाईट वाटत नाही? इतकी वर्षं तिनं सांगितलं नाही ते?"

"वाटतं," तो म्हणाला. "दाताचं आठवलं की वाटतं. पण ती तिथं जाऊन बसत होती हे बरंच झालं गं. नाहीतर आमच्याकडे राहिली असती का ती?"

वरच्या मजल्यावरचं कुणीतरी खाली उतरलं. आम्ही पाय आखडून त्यांना वाट दिली. त्यांनी काही विचारलं नाही. जिन्यात लसूण तळल्याचा वास पसरला होता, माझी पालेभाजी पिशवीत मऊ पडत होती, आणि मला उठावंसं वाटत नव्हतं.

मग आतून पावलं आली. दार पूर्ण उघडलं. तितिना उभी होती, केस सुटलेले, चेहरा झोपून उठल्यासारखा टवटवीत.

"जिन्यात काय बसलात दोघं?" ती म्हणाली. "आत या. गार आहे इथं."

आम्हा दोघांना मिळून म्हटल्यावर, त्यात नेल्लोसाठी 'तू' होतं की 'तुम्ही', हे कळायला काही मार्ग नव्हता. नेल्लोनं माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं कठड्यावरचं जाकीट उचलून हातावर घेतलं, माझी पिशवी दुसऱ्या हातात घेतली, आणि आम्ही आत गेलो.